थर बांधणारा धागा

पणजीहून भल्या पहाटे पेडण्याला आणि डिचोलीला जाणाऱ्या कुठल्याही मराठी दैनिकाचा कडेचा कोरा तुकडा फाडून घ्यावा. तो किंचित ओला करून तिरक्या उन्हात धरावा आणि भिंगातून पाहावा. बऱ्याचदा त्यावर ठरावीक अंतराने पडलेल्या बारीक खुणा दिसतात. कागद यंत्रावर जन्म घेतो तेव्हा पहिले काही क्षण तो एका कापडावर टेकलेला असतो. त्या कापडाच्या विणीचे हे ठसे आहेत.

गोव्याला कागदाचे आणि छपाईचे नाते नवे नाही. 1556 मध्ये छापखाना इथे आला, आणि फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. त्या काळातला युरोपीय कागद उजेडासमोर धरला की साच्याच्या तारांच्या समांतर रेघा उमटलेल्या दिसतात. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात कागझी लोक तारांऐवजी गवताच्या काड्यांची जाळी वापरत आणि तिचीही खूण कागदात राही. युरोपात विणलेल्या तारेच्या जाळीवर कागद निघू लागला तो अठराव्या शतकाच्या मध्यात. पुढे 1799 मध्ये फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर याने अखंड फिरणाऱ्या जाळीवर कागद करण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. साचा बुडवणारा हात तिथे संपला आणि जाळीचा पट्टा सुरू झाला.

आजच्या यंत्रात जाळीवर पडणाऱ्या लगद्यात 99 टक्क्यांहून अधिक पाणी असते. काही सेकंदांतच त्यातले बहुतेक पाणी खाली जाते आणि पुढच्या दाबरुळांकडे जाणाऱ्या ओल्या पापुद्र्यात तंतूंचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांवर पोचलेले असते. ही सारी निथळण एका कापडावर होते. एकेकाळी ही जाळी काशाच्या तारेची असे. त्यामुळे गिरणीत यंत्राच्या या भागाला अजूनही ‘वायर पार्ट’ म्हणतात, जरी तिथे गेल्या काही दशकांपासून पॉलिस्टरचा एकसंध धागा आला आहे.

या कापडाकडून मागण्या मात्र एकमेकींच्या विरोधात जातात. नारळाचा रस गाळताना गोव्यातल्या घराघरात तोच पेच असतो: फडके दाट विणीचे असेल तर चोथ्याने तुंबते, विरळ असेल तर चोथा रसात उतरतो. कागदाच्या कापडावर आणखी एक भार असतो. वरून ते तलम हवे, म्हणजे कागदावर खूण पडणार नाही. खालून ते राठ आणि जाड हवे, कारण पाणी ओढणाऱ्या निर्वात पेट्यांच्या सिरॅमिक पृष्ठांवरून ते रात्रंदिवस घासत जाते. शिवाय ताण सोसूनही ते लांबता कामा नये. एका थरात हे सगळे बसवायचे म्हणजे प्रत्येक गुण थोडा थोडा सोडून द्यावा लागतो.

म्हणून थर वेगळे केले गेले. वरचा थर बारीक धाग्यांचा, खालचा जाड धाग्यांचा. खालच्या आडव्या धाग्यांत पॉलिस्टरच्या जोडीला नायलॉनही घालतात, कारण घर्षणाला ते अधिक टिकते. कामाची वाटणी झाली आणि प्रश्न सुटला, असे वाटावे. पण खरी अडचण इथून पुढे सुरू झाली: हे दोन थर एकत्र बांधायचे कसे?

सुरुवातीच्या अशा कापडांत दोन थर शिवण्यासाठी एक वेगळा, पातळ धागा घालत. तो वरच्या थरातून खाली उतरे तिथे पृष्ठभाग किंचित आत ओढला जाई आणि कागदावर नेमकी तीच खूण उमटे. दोन्ही थर एकमेकांवर घासून तो धागा आतल्या आत झिजे. मग थर सरकत, वरची छिद्रे खालच्या छिद्रांवरून ढळत आणि निथळण मंदावे. जोडण्यासाठी घातलेला धागाच कापडाचा सर्वात दुबळा भाग ठरत होता.

1990 च्या दशकापासून पसरलेल्या रचनेत बांधणारे धागे जोडीने येतात. एक धागा वरच्या थरात विणला जात असतो तेव्हा त्याचा जोडीदार खाली जाऊन खालच्या उभ्या धाग्याला धरतो. थोड्या अंतराने ते जागा बदलतात. दोघे मिळून वरच्या थरातली एक अखंड आडवी ओळ पुरी करतात. बांधणारा धागा आता उपरा राहत नाही, तंतूंना आधार देणाऱ्या विणीचाच तो भाग होतो. बहुस्तरीय विणीच्या इतिहासातली ही सर्वात देखणी कल्पना आहे. थर वाढवणे सोपे असते. थरांमधल्या नात्याला थरांइतकेच काम देणे, हे कसब.

आडव्या ओळींना एवढे महत्त्व का? लगदा वेगाने जाळीवर पडतो तेव्हा बहुतेक तंतू यंत्राच्या दिशेने वळतात. त्यांना पेलायला त्या दिशेला छेदणारे धागेच लागतात. तंतू जितके आखूड, तितके हे धागे जवळ हवेत. गोव्याच्या सीमेपलीकडे दांडेलीत 1955 मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्सने बांबूच्या जंगलांच्या भरवशावर सुरुवात केली. बांबूचा तंतू सुमारे दोन मिलिमीटरचा. निलगिरीसारख्या लागवडीच्या लाकडाचा एक मिलिमीटरहूनही कमी. जंगल बदलले की लगदा बदलतो आणि लगदा बदलला की विणकराला नवा हिशेब मांडावा लागतो.

गोव्यात विणीची चर्चा निघाली की ती कुणबी साडीच्या चौकड्यांपाशी थांबते. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा लोकांसमोर आणली हे मोलाचेच. पण दृष्टीआड राहून काम करणाऱ्या विणीलाही तेवढेच कौतुक मिळायला हवे. शेजारच्या इचलकरंजीत 1904 पासून यंत्रमाग चालतो आणि वस्त्रशास्त्राची महाविद्यालयीन शाखाही आहे. तिथल्या विद्यार्थ्याला ही वीण आपल्याच घराण्यातली वाटावी.

शेवटचे काम सांध्याचे. सपाट विणलेल्या कापडाची दोन टोके जोडून अखंड पट्टा करायचा असतो. सेंटिमीटरला पन्नास उभे धागे धरले, तर पाच मीटर रुंदीत ते पंचवीस हजार होतात. त्यातला प्रत्येक धागा मूळ विणीच्याच वाटेने परत ओवला जातो आणि टोके एका रेषेत न येता विखरून भेटतील अशी मांडणी करावी लागते. तीस मीटरचा पट्टा मिनिटाला हजार मीटर वेगाने धावत असेल, तर हा सांधा मिनिटाला तेहतीस वेळा ओल्या कागदाखालून जातो. तिथले पाणी बाकीच्या कापडापेक्षा जराही वेगळ्या गतीने निथळले, तर दर तीस मीटरवर कागदात एक आडवी पट्टी पडते.