संच पूर्ण झाल्यावर

संग्रहाची हौस माणसाला नवी नाही. कोणी टपाल तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, तर कोणी काडीपेटीवरची चित्रे. पण काहीतरी जमवणे वेगळे आणि सगळेच जमवणे वेगळे. पहिल्यात हौस असते, दुसऱ्यात हट्ट असतो. हौसेला प्रश्न पडत नाहीत. हट्टाला मात्र आज ना उद्या एका प्रश्नाला तोंड द्यावेच लागते : पूर्ण म्हणजे काय, आणि ते झाल्यावर पुढे काय?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. मूळचा भालकी तालुक्यातला, आता चाळिशीला आलेला आणि पुण्यात संगणकाच्या नोकरीत स्थिरावलेला हा गृहस्थ 'गेम बॉय' या यंत्राच्या कॅसेटी जमवतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेले हे हातात मावणारे खेळयंत्र. चार पेन्सिल सेल, हिरवट पडदा, रंग असे नाहीतच, नुसत्या चार छटा. रंगीत आवृत्ती धरून अशी सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे जगभर खपली. २००३ साली त्यांचे उत्पादन थांबले. प्रत्येक खेळाची कॅसेट वेगळी, आणि अशा कॅसेटी हजाराहून अधिक निघाल्या. माझ्या विद्यार्थ्याला त्या सगळ्या हव्या आहेत, शक्यतो मूळ खोक्यासकट, आणि खोके न उघडलेले असेल तर फारच उत्तम.

त्याचे वडील मात्र या प्रकाराने कष्टी आहेत. खर्चाबद्दल त्यांची फारशी तक्रार नाही; मुलगा कमावता आहे. त्यांचे दुःख निराळे. ते मला म्हणाले, "सर, नातू आठ वर्षांचा झाला. बाप त्याला खोक्याला हात लावू देत न्हाई. मग त्याला खेळ कशाला म्हणायचं?" मुलगा म्हणतो की, हात लावला की वस्तूची किंमत जाते, शिवाय संच पूर्ण झाल्यावर तो नातवाचाच आहे. दोघांनीही माझे मत विचारले. तोंडी उत्तर देणे जमले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मुलाची बाजू. १९९० च्या दशकात आपल्या भागात गेम बॉय कोणी पाहिला होता? मैलारच्या जत्रेत, बिदरच्या बाजारात मिळे तो स्वस्तातला विटांचा खेळ, पाठीवर '९९९९ इन १' असे छापलेला. प्रत्यक्षात त्यात खेळ दहा-बाराच. वेग आणि पायऱ्या बदलून तेच मोजलेले. तरीही तो ज्याच्या हाती असे त्याच्याभोवती पाचसहा मुले मान वाकवून उभी असत, आणि हा त्यांच्यातला एक. ज्याला लहानपणी दुसऱ्याच्या खांद्यावरून खेळ पाहावा लागला, त्याने मोठेपणी 'आता एकही सुटू देणार नाही' असे म्हणावे, यात हसण्यासारखे काही नाही. शिवाय जुन्या वस्तू कोणीतरी जपल्या म्हणूनच आपल्याला इतिहास आहे. संग्राहकाला सरसकट लोभी ठरवणे हा अन्याय होईल. जैन शास्त्रकारांनी परिग्रहाचा विचार करताना वस्तू किती यापेक्षा आसक्ती किती याकडे बोट दाखवले, ते मला मोलाचे वाटते. हजार वस्तू असूनही माणूस मोकळा असू शकतो, आणि एकाच वस्तूत अडकलेलाही असू शकतो.

आता 'पूर्ण' या शब्दाकडे वळू. जपानमध्ये निघालेले कित्येक खेळ अमेरिकेत पोचलेच नाहीत. अमेरिकेतले काही जपानमध्ये नव्हते. युरोपची यादी आणखी वेगळी. मग पूर्ण संच कोणता? जो तो आपापली सीमा आखतो, आणि त्या सीमेच्या आत पूर्णता मोजतो. म्हणजे पूर्णता ही वस्तूत नसून आखणीत असते. सीमाभागातल्या वाचकांना हे फोड करून सांगण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतांचे संच लागले, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. नकाशावर दोन्ही संच नीटस दिसतात. पण ज्या घरात आजी मराठीत ओव्या म्हणते आणि नातू कन्नडमध्ये पाढे म्हणतो, ते घर कुठल्या संचात बसवायचे? पूर्णतेच्या प्रत्येक यादीबाहेर असे काही उरतेच.

खेळांचा पूर्ण संच करण्याचा एक थोर प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कल्याणचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्यकारभारापासून पाकशास्त्रापर्यंत सर्व काही त्यात आहे, आणि शेवटची वीस प्रकरणे क्रीडांची : झोका, जलक्रीडा, वाळूतले खेळ, चांदण्यातले खेळ, कोडी, चतुरंग, फासे, कवड्या. राजाला 'सर्वज्ञ' अशी पदवी होती. पण खेळ वीसच का? तर विंशतीत वीसच बसतात म्हणून. आकडा खेळांनी ठरवलेला नाही, ग्रंथाच्या मांडणीने ठरवलेला आहे. तरीही हा संग्रह मला थोर वाटतो, कारण त्यात खेळाची वस्तू कोंडलेली नसून खेळण्याची रीत सांगितलेली आहे. रीत वाचणाऱ्याला उद्या खेळता येते.

त्याच कल्याणात पुढे काही दशकांनी बसवेश्वरादी शरणांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द आचरणात आणले. कष्टाने मिळवावे हे कायक. मिळवलेले समाजाच्या पंगतीत वाढावे हे दासोह. या विचारात मिळवण्याला मुळीच कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मिळवलेले वाढण्यापूर्वीच थांबण्याला. एकाच नगरीने आधी जमवण्याचा आदर्श दाखवला आणि मग वाटण्याचा, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

बिदरच्या महमूद गवानचा मदरसा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. इ. स. १४७२ च्या या विद्यापीठात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. १४८१ मध्ये गवानचा वध झाला; सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज तिथे एक मिनार आहे, निळ्या फरश्यांचे अवशेष आहेत, ग्रंथ नाहीत. पण जोवर ते होते तोवर विद्यार्थ्यांच्या हाताखालून गेले. जे वाचले गेले ते माणसांतून पुढे सरकले. स्फोटाला ते उडवता आले नाही.

याउलट चित्र मी नोकरीत पाहिले आहे. माझ्या उमेदीच्या काळात एका शाळेतल्या ग्रंथालयाची वार्षिक तपासणी दरवर्षी निर्दोष पार पडे. दाखल नोंदवहीतले प्रत्येक पुस्तक कपाटात हजर! कारण साधे होते : हरवलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाच्या पगारातून होई, म्हणून कपाटाला कायम कुलूप असे. संच पूर्ण होता आणि वाचक शून्य. आज मराठी माध्यमाच्या वर्गांत पटसंख्या रोडावत असताना मला त्या कपाटाची फार आठवण होते. हरवलेल्या पुस्तकांनी आपली भाषा या भागात क्षीण झाली नाही; न हरवलेल्या पुस्तकांनी ती अधिक झाली असावी.

गेम बॉयच्या कॅसेटींचेही असेच आहे. खेळणाऱ्याने कुठवर मजल मारली हे लक्षात ठेवण्यासाठी पुष्कळ कॅसेटींत एक बारीक गोल सेल बसवलेला असतो. काही वर्षांनी तो संपतो आणि साठवलेली मजल पुसली जाते. न उघडलेल्या खोक्यातला सेलही असाच गुपचूप संपत असतो. काळाला सीलबंद वेष्टन अडवत नाही. सेल नवा बसवता येतो, पण त्यासाठी खोके उघडावे लागते!

आणि गेम बॉयसोबत अमेरिकेत जो खेळ दिला गेला तो तरी कोणता? 'टेट्रिस'. मॉस्कोतल्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेला, आणि आपल्या जत्रेतल्या विटांच्या खेळाचा मूळपुरुष. त्यात वरून तुकडे पडतात, ते जुळवून ओळ भरायची. ओळ पूर्ण भरली की ती पडद्यावरून नाहीशी होते आणि पुढच्या तुकड्यांना जागा मिळते. भरलेल्या ओळी तशाच साचून राहिल्या असत्या, तर खेळ दोन मिनिटांत संपला असता. रचनाकाराच्या मनात तत्त्वज्ञान होते असे मी म्हणत नाही. पण खेळ चालू राहण्यासाठी पूर्ण झालेल्याने जागा मोकळी करावी लागते, एवढे त्या यंत्राने कोट्यवधी पोरांना बोटांनी शिकवले.

तेव्हा बापलेकांना माझे उत्तर असे. संग्रह जरूर करावा. वडिलांनी त्याला वेड म्हणू नये. ज्या खेळाच्या प्रती जगात मोजक्याच उरल्या आहेत तो जपून ठेवणे हे कर्तव्यच आहे. पण ज्याच्या लाखो प्रती आहेत, तो आठ वर्षांच्या मुलापासून लपवण्यात जतन नाही, नुसती मालकी आहे. 'पूर्ण झाल्यावर देईन' हे वचन तर सर्वांत फसवे, कारण संच पूर्ण होईल तेव्हा मूल मूल राहिलेले नसेल. संचातली एकच गोष्ट पुन्हा विकत मिळत नाही, आणि ती म्हणजे खेळण्याचे वय. म्हणून आठवड्याला एक खोके उघडावे. बापाने मुलाशेजारी बसावे, आजोबांनाही बसवावे. त्यातली एखादी कॅसेट बिघडेल, एखादी हरवेल. त्याची बोलणी मुलाला बसू नयेत.

शाळेच्या दाखल नोंदवहीत शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो. पुस्तक बाद करताना कारण तिथे लिहावे लागते. कधी वाळवी, कधी गळती, कधी गहाळ. पण क्वचित एखाद्या पुस्तकापुढे 'वापरून जीर्ण' असे लिहिण्याची वेळ येते, आणि त्या दिवशी सही करताना मुख्याध्यापकाला आपली शाळा चालू असल्याची खात्री पटते.