डिंक कोणी लावायचा?

आमच्या घरून जाणाऱ्या आंतरदेशीय पत्रात गुपित असं काहीच नसायचं. पाऊस झाला का, म्हैस व्याली का, धाकटीचं कुठं जमतंय का, एवढंच. तरी मजकूर संपला की आजी त्या निळ्या कागदाच्या कडा जिभेवर ओल्या करून घट्ट दाबायची. पोस्टकार्ड स्वस्त पडायचं, पण काही गोष्टी तिनं त्यावर कधीच लिहवून घेतल्या नाहीत. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ म्हणत ब्राउझर जसा मिळाला तसा वापरणाऱ्या शिकल्यासवरल्यांपेक्षा आजीला हे जास्त कळत होतं. आणि पत्राच्या कडेचा तो डिंक टपाल खात्यानं आधीच लावून दिलेला असायचा. ब्राउझरमध्ये तो आपण शोधायचा असतो.

कुकीचंच बघा. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती घडवली, तेव्हा तिचं काम देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरल्या बिल्ल्याएवढंच होतं. संकेतस्थळाला स्मरणशक्ती नसते. पान बदललं की गिऱ्हाईक अनोळखी. बिल्ला दाखवला की ओळख पटते. इथवर तक्रार नाही. पुढे जाहिरात कंपन्यांनी आपला माणूस देवळाबाहेर, दवाखान्याबाहेर, वाण्याच्या दारात, सगळीकडे बसवला आणि सगळीकडे तोच बिल्ला चालवला. संध्याकाळपर्यंत त्याच्या वहीत तुमचा अख्खा दिवस. हीच थर्ड-पार्टी कुकी. सफारीनं ती 2020 मध्ये पूर्ण अडवली. त्याच वर्षी जानेवारीत गूगलनं क्रोममधून ती दोन वर्षांत काढू असं जाहीर केलं, मुदत वाढवत नेली आणि जुलै 2024 मध्ये बेतच सोडला. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाचे आक्षेप होते, हे खरं. पण ज्या कंपनीची मुख्य मिळकत जाहिरातींची, तिच्याच ब्राउझरमध्ये ही वही टिकून राहिली, याला मी योगायोग म्हणणार नाही.

क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीचं तर नावच फसवं. त्यानं घरातल्या दुसऱ्या माणसाला तुमचा इतिहास दिसत नाही, एवढंच. संकेतस्थळाला आणि ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही दिसताच. या समजुतीच्या घोटाळ्यावरून 2020 मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा झाला. 2024 च्या तडजोडीत कंपनीनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

कुकी पुसूनही सुटका नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेनं 2010 मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी सुमारे 84 टक्के केवळ आपल्या ठेवणीवरून वेगळे ओळखू आले: पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, बसवलेले फाँट. (हौसेनं गोळा केलेले देवनागरी फाँटही त्यात आलेच.) गंमत अशी, की जितकी आपली खास मांडणी करावी तितके आपण उठून दिसतो. म्हणून टॉर ब्राउझर उलट्या वाटेनं जातो आणि सगळ्यांना शक्यतो सारखंच दिसायला लावतो.

मी स्वतः फार काही करत नाही. फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन, थर्ड-पार्टी कुकी बंद, लोकेशनला नकार. बाकी एक्स्टेन्शन जवळजवळ नाहीतच, कारण ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची’ परवानगी म्हणजे घराची किल्ली. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते. मालक बदलला, आणि 2021 मध्ये घातक म्हणून गूगलला ते काढावं लागलं. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावरही मी विसंबत नाही. वाटेत कोणी वाचणार नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडचा माणूस भामटा असला तरी कुलूप दिसतंच.

हे सगळं करायला मला एक दुपार लागली, आणि मला यातलं थोडंफार कळतं. ज्याला कळत नाही त्याचं काय? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे, आणि संमती मागणारी सूचना मराठीतही मिळण्याची सोय त्यात आहे. चांगलंच आहे. पण ‘मान्य’ गडद निळ्या बटणावर आणि ‘नको’ दोन पानं आत असेल, तर शुद्ध मराठीत विचारूनही आजीनं दाबलं असतं ते निळंच.