मन लागत नसतां शास्त्र वाचावें काय?



एका खेड्यांतील मंडळीची सेवा करणाऱ्या एका उपदेशक बंधूंनीं मध्यंतरीं आम्हांस एक प्रश्न केला. ते म्हणाले, "रोज संध्याकाळीं घरच्या माणसांस जमवून मी शास्त्राचा एक अध्याय वाचतों. परंतु कित्येक महिने झाले, माझें मन त्यांत नाहीं. डोळे ओळींवरून फिरतात, तोंड बोलतें, आणि चित्त असतें बाजारांत, नाहीं तर मुलाच्या फीच्या काळजींत. म्हाताऱ्या आईला वाटतें, आपला मुलगा देवाच्या वचनांत रमला आहे. हें ढोंग नव्हे काय? यापेक्षां पुस्तक मिटून ठेवणें अधिक प्रामाणिकपणाचें नव्हे काय?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. प्रभूनें जे अत्यंत कठोर शब्द उच्चारिले ते जारकर्म्यांस किंवा जकातदारांस उद्देशून नव्हेत; ते ढोंगी धार्मिकांस उद्देशून आहेत, हें मत्तयाचा २३वा अध्याय वाचणाऱ्यास ठाऊक आहे. म्हणून ज्याला ढोंगाची भीति वाटते त्याची पाठ थोपटून "वाचीत जा, सर्व ठीक होईल" असें म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. नित्य वाचनानें आत्मिक वाढ होते, हें आम्हीं पुष्कळदां सांगितलें आहे. तें खरें आहे. पण या बंधूंच्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हे.

आधीं ढोंग कशास म्हणावें तें पाहूं. जें अंतःकरणांत नाहीं तें आहे असें लोकांस दाखविणें, हें ढोंग. कोरड्या मनानें देवापुढें बसणें हें ढोंग नव्हे. तसें असतें तर स्तोत्रसंहितेंत ८८वें स्तोत्र आलेंच नसतें. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटीं तरी आशेचा एखादा किरण दिसतो. यांत तोही नाहीं. स्तोत्रकर्ता रात्रंदिवस आक्रोश करितो, देवानें आपणांस टाकिलें काय असें विचारतो, आणि त्याचें बोलणें अंधारांतच संपतें. तरीही तो बोलतो तें देवाशींच. ज्यानें हें स्तोत्र आपल्या ग्रंथांत राहूं दिलें तो केवळ आनंदी वाचकांचीच वाट पाहत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरें उदाहरण मान्न्याचें. इस्राएल लोक अरण्यांत असतां दररोज सकाळीं माणशीं एक ओमर मान्ना वेंचून आणीत. ऊन तापलें कीं तो वितळून जाई. शब्बाथाच्या आदल्या दिवसाखेरीज कोणीं उद्यांसाठीं राखून ठेविला तर त्यांत किडे पडत. ही गोष्ट निर्गमाच्या १६व्या अध्यायांतली, आणि ती रविवारच्या शाळेंतील मुलांसही पाठ असते. परंतु गणनेच्या ११व्या अध्यायाकडे आपलें लक्ष कमी जातें. तेथें तेच लोक मान्न्यास कंटाळले आहेत. त्यांस मिसरांतील मासे, काकड्या व लसूण आठवतात; मान्न्यावांचून दृष्टीस कांहींच पडत नाहीं म्हणून ते कुरकुरतात. देवानें त्या कुरकुरीचा न्याय केला; ती चांगली होती असें कोणीं समजूं नये. पण मान्ना पडावयाचा राहिला नाहीं. ज्याला गोडी वाटत होती त्यासही तो पोसीत होता आणि ज्याला वीट आला होता त्यासही. शिवाय तो आयता तोंडांत पडत नसे. तो जात्यांत दळावा लागे, उखळांत कुटावा लागे, शिजवावा लागे. शेताला पाण्याची पाळी रात्रीं दोन वाजतां आली तर कोणता शेतकरी "आज मन नाहीं" म्हणून अंथरुणांत पडून राहतो? तो डोळे चोळीत उठतो, दारें धरितो, आणि पिकाला पाणी मिळतें.

येथवर आम्हीं त्या बंधूंच्या वतीनें बोललों. पण कोरडेपणाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो आम्हांस ऐकून नव्हे तर अनुभवानें ठाऊक आहे. लिहावयास संकोच वाटतो, तरी लिहितों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा व आमच्या थोरल्या बंधूंचा शेताच्या बांधावरून तंटा झाला. बांध हातभर इकडे असावा कीं तिकडे, एवढाच प्रश्न होता. पण खेड्यांत राहणाऱ्यांस हातभर जमिनीची किंमत सांगावयास नको. बोलणें बंद झालें. त्या दिवसांत आम्ही मत्तयाचें शुभवर्तमान क्रमानें वाचीत होतों, आणि एके सकाळीं ५व्या अध्यायांतील ती जागा आली, जेथें वेदीजवळ दान आणणाऱ्यास, भावाचें तुजविरुद्ध कांहीं असेल तर दान तेथेंच ठेवून आधीं त्याच्याकडे जा, असें प्रभु सांगतो. आम्हीं पुस्तक मिटलें. दुसऱ्या दिवशीं त्याच पानापासून पुढें जावयाचें, तर आम्हीं इतिहासाचें पहिलें पुस्तक काढिलें. त्याचे आरंभींचे नऊ अध्याय बहुतेक नांवांचे आहेत. वंशावळ्या कोणास टोंचत नाहींत! त्या संपल्या, तेव्हां कामाची घाई आठवूं लागली. पुढें तीन-चार महिने पुस्तक फळीवर स्वच्छ फडक्यांत बांधलेलें राहिलें. कोणीं विचारलें असतें तर आम्हींही हेंच सांगितलें असतें कीं, मन लागत नाहीं, आणि उगीच ढोंग कशाला करावें?

योशिया राजाच्या वेळीं नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडला, तो कोठें सांपडला हें वाचकांनीं २ राजे २२ यांत पाहावें. तो रानांत किंवा शत्रूच्या घरीं सांपडला नाहीं. हिल्किया याजकाला तो परमेश्वराच्या मंदिरांतच सांपडला. देवाच्या घरांत देवाचा ग्रंथ हरवूं शकतो! आमच्या घरांत तर तो हरवलाही नव्हता. तो कोठें आहे तें आम्हांस पक्कें ठाऊक होतें.

शेवटीं एके संध्याकाळीं आम्ही दादांकडे गेलों. वाचकांस येथें गळ्यांत गळे घातल्याची कथा अपेक्षित असेल, पण तसें घडलें नाहीं. दादांनीं "बैस" असें म्हटलें नाहीं. वहिनींनीं पाण्याचा तांब्या पुढें ठेविला. आम्हीं आमचें चुकलेलें बोलणें कबूल केलें आणि क्षमा मागितली. ते "बरें" एवढेंच म्हणाले. बांध होता तेथेंच आहे. पण त्या रात्रीं मत्तयाच्या ५व्या अध्यायाचा राहिलेला भाग आम्हांस वाचतां आला.

म्हणून त्या बंधूंस आम्हीं असें लिहिलें कीं, प्रथम आपल्या मनास विचारा : मन लागत नाहीं, कीं एखादें पान टाळावयाचें आहे? एखादें पान टाळावयाचें असेल तर तें कोणतें हें आपणांस कोणीं सांगावयास नको. तसें नसेल, नुसता थकवा व काळजी असेल, तर वाचन सोडूं नका, फक्त देखावा सोडा. घरच्यांस सरळ सांगा कीं, "आज माझें मन जाग्यावर नाहीं, माझ्यासाठीं प्रार्थना करा." एवढें बोलल्यावर ढोंगाला जागा उरत नाहीं. अध्यायाचा हट्टही नको. शास्त्राचे एकंदर ११८९ अध्याय. रोज तीन-चार वाचून वर्षांत ते संपविणाऱ्यांचें आम्हांस कौतुक आहे, पण दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाला दहा वचनें पुष्कळ झालीं.

आणि त्यांच्या आईस वाचतां येत नाहीं, हें विसरूं नये. पंडिता रमाबाईंनीं आयुष्याचीं शेवटचीं कित्येक वर्षें मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्राचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं, तीं अशाच बायांकरितां, ज्यांस विद्वानांची भाषा कळत नव्हती. १९२२ सालीं बाई निवर्तल्या. तो ग्रंथ १९२४ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत छापून निघाला, आणि त्या छपाईचें काम तेथील स्त्रियांच्या हातून झालें. ज्या घरांत वाचणारा एकच आहे, तेथें त्याचें मन लागो वा न लागो, त्यानें तोंड मिटलें तर दुसऱ्या कोणाचा तरी घांस जातो. वाटल्यास मुलांपैकीं कोणास वाचावयास बसवावें आणि आपण ऐकावें.

त्या बंधूंचें पत्र परवां आलें. आतां त्यांची धाकटी मुलगी मार्काचें शुभवर्तमान वाचते. ती अडखळते, म्हणून सर्वांस लक्ष द्यावें लागतें. ४था अध्याय चालला होता. वादळ उठलें असतां प्रभु नावेंत उशीवर डोकें टेंकून निजला होता, असें तिनें वाचलें, तेव्हां आजीनें तिला थांबवून विचारलें, "अगं, मासे धरावयाच्या नावेंत उशी कोणीं नेली?" बंधूंनीं तोच प्रश्न आम्हांकडे पाठविला आहे. आम्हांस अद्याप उत्तर देतां आलेलें नाहीं.