खुणेचा माग आणि औषधाचा ठाव

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध गाठीतील पेशी मारते तशीच हृदयाच्या स्नायूलाही इजा करते, आणि ही इजा टाळायची तर औषध उघडे न सोडता एखाद्या वाहकात बंद करून रक्तात सोडावे, या विचारातून औषधवाहू नॅनोकणांच्या वैद्यकाला मोठी चालना मिळाली. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. 1995 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘डॉक्सिल’ हे या विचाराचे पहिले मोठे फळ असून, त्यात डॉक्सोरुबिसिन सुमारे 80 ते 100 नॅनोमीटर व्यासाच्या लायपोसोममध्ये, म्हणजे मेदरेणूंच्या दुपदरी पापुद्र्याने बनलेल्या पोकळ गोळीत, भरलेले असते. तांबडी रक्तपेशी या गोळीच्या सत्तर-ऐंशी पट रुंद असते. गोळीभोवती पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाचे आवरण दिल्यामुळे तिची रक्तातून उचलबांगडी लांबते. उघडे औषध काही मिनिटांतच रक्तातून ऊतींत पसरते, तर या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला दोन दिवसांहून अधिक काळ लागतो.

इतका काळ रक्तात फिरणारा कण अखेर गाठीत उतरेल, ही अपेक्षा 1986 मध्ये जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलेल्या निरीक्षणावर उभी होती: गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या आणि विरळ विणीच्या असल्यामुळे मोठे रेणू त्यांतून बाहेर झिरपतात, आणि लसिकांचा निचरा अपुरा असल्यामुळे तेथेच साचतात. या निरीक्षणाचे लवकरच अचूक नेम धरणाऱ्या अस्त्राच्या प्रतिमेत रूपांतर झाले. ही प्रतिमा आकर्षक असली तरी कणाला डोळे नसतात आणि रक्ताच्या ओघाविरुद्ध जाण्याचे बळही नसते. तो ओघ नेईल तेथे जातो आणि जेथे पकडला जाईल तेथे थांबतो. म्हणून तो कोठे थांबला हे मोजल्यावाचून गाठीचा वेध साधल्याचा दावा केवळ आशाच ठरतो.

मोजणीची खरी अडचण येथून सुरू होते. जिवंत माणसाच्या शरीरात खोलवर असलेला एकटा नॅनोकण कोणत्याही यंत्राला दिसत नाही. पेट स्कॅनमध्ये दोन ठिपके वेगळे ओळखू यायचे तर त्यांच्यात काही मिलिमीटरांचे अंतर लागते, आणि दृश्य प्रकाश तर रक्तातील हिमोग्लोबिन वाटेतच शोषून घेते. त्यामुळे कणांना एखादी खूण जोडावी लागते, बहुधा किरणोत्सारी अणूची, आणि अब्जावधी कणांच्या जमावाने मिळून दिलेला संकेत टिपावा लागतो. खुणेचे आयुष्यही कणाच्या प्रवासाला पुरेल असे निवडावे लागते, म्हणून निम्म्यावर यायला 2.8 दिवस घेणारे इंडियम-111 किंवा 3.3 दिवस घेणारे झिर्कोनियम-89 येथे सोयीचे पडते. परंतु सुईतून आत शिरताना खूण, वाहक आणि औषध या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरी पुढे त्या एकत्र राहतीलच असे नाही, आणि छायाचित्रात उमटते ती केवळ खूण. सुटलेले इंडियम रक्तातील लोहवाहू प्रथिनाला चिकटून स्वतंत्रपणे हिंडते, सुटलेले झिर्कोनियम हाडांत जाऊन बसते, तर चमकणारे मेदस्नेही रंगद्रव्य कणातून निसटून जवळच्या पेशीच्या पापुद्र्यात शिरते. अशा वेळी उजळलेले हाड कण तेथे पोहोचल्याचा पुरावा मानणे म्हणजे पायातले कडे सापडले म्हणून पक्षीही तेथेच आहे असे समजणे होय.

डॉक्सोरुबिसिन या बाबतीत काहीसे सोयीचे आहे, कारण ते स्वतःच चमकते. मात्र लायपोसोममध्ये ते इतके दाटीवाटीने भरलेले असते की रेणू एकमेकांची चमक विझवतात, आणि गोळीतून बाहेर पडल्यावरच ते उजळते. हा फरक दुर्लक्षिला तर बंद औषधाचा साठा अंधारात राहतो. उलट रक्ताच्या नमुन्यातील सर्व औषध विरघळवून एकत्र मोजले, तर गोळीत बंद असल्यामुळे निष्क्रिय असलेले औषधही उपयोगी पडत असल्याचा भास होतो.

शिवाय वाहकही मूळ स्वरूपात राहत नाही. रक्तात शिरताच त्याच्या पृष्ठभागावर प्रथिनांचा थर चढतो, ज्याला ‘प्रथिन-प्रभामंडळ’ म्हणता येईल, आणि पुढे पेशींची गाठ पडते ती या थराशी. 2018 मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या आरएनए-औषधाचे मेदकण रक्तातील ॲपोलिपोप्रोटीन-ई हे प्रथिन अंगावर घेतात आणि त्याच्याच ओळखीवर यकृतपेशींत प्रवेश मिळवतात. प्रयोगशाळेतील कुपीत कण कसा होता यावरून त्याचा मार्ग सांगता येत नाही, तो याचमुळे.

यकृताचे स्थान तर या साऱ्या प्रवासात मध्यवर्ती आहे. सुमारे 6 नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जातात. त्याहून मोठे कण मोठ्या प्रमाणात यकृतातील कुफर पेशी आणि प्लीहेतील भक्षकपेशी गिळतात. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोग तपासून 2016 मध्ये असे दाखवले की टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या वाट्याचे मध्यक मूल्य अवघे 0.7 टक्के होते. या आकड्यावर आक्षेप आले आणि ते निराधार नव्हते, कारण एकूण मात्रेचा वाटा मोजला तर लहान गाठीच्या पदरी थोडेच पडणार, आणि उघड्या औषधाचा वाटा त्याच मापाने किती भरतो हा प्रश्न विचारल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. तरीही अस्त्राची प्रतिमा त्यानंतर पूर्वीच्या आत्मविश्वासाने वापरणे अवघड झाले. माणसांतील मोजणी त्याहून बोलकी आहे: 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंडियम-111 जोडलेले लायपोसोम कर्करुग्णांना दिले असता डोके व मानेच्या गाठींत ते भरपूर साचले, स्तनांच्या गाठींत त्यामानाने फारच कमी. सरासरी येथे रुग्णाच्या कामाची नसते. त्याची स्वतःची गाठ कण धरते की नाही, हेच त्याला हवे असते.

यकृत आणि प्लीहेत अडकलेले औषध वाया गेले असे म्हणणेही रोगावर अवलंबून आहे. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी ज्यासाठी धावाधाव केली, ते लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिन-बी बिहारमध्ये काळा आजारावर दिले जाते. त्या आजाराचे परजीवी नेमके भक्षकपेशींच्या पोटातच राहतात. म्हणून तेथे भक्षकपेशीने कण गिळणे हीच इच्छित गोष्ट ठरते, आणि शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 10 मिलिग्रॅमची एकच मात्रा पुरेशी असल्याचे 2010 मध्ये दिसून आले.

डॉक्सिलचा निर्विवाद लाभही गाठीत सापडला नाही, तो हृदयात सापडला: तेथील घट्ट विणीच्या रक्तवाहिन्यांतून गोळ्या सहज बाहेर पडत नाहीत, म्हणून स्नायूची हानी घटली. मात्र दीर्घकाळ रक्तात फिरणारे हेच कण त्वचेत, विशेषतः दाब व घर्षण सोसणाऱ्या तळहात-तळपायांत, उतरतात आणि तेथे लाली, वेदना व सोलवटणे उद्भवते. मात्रा वाढवण्याला अनेकदा आडवी येते ती ही त्वचा, हृदय नव्हे.