आवराआवर कोणी करायची?



मागच्या उन्हाळ्यात दिंडोरीकडच्या एका कुटुंबाला भेटायला गेलो होतो. बांधाजवळ एक कोरडा बोअर होता. तोंडावर फाटके पोते, वर दगड. पलीकडे लेकरे खेळत होती. अशा बोअरमध्ये मुले पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच, म्हणून मी विचारले. घरधनी म्हणाले, "फादर, पाणीच लागलं नाही, आता झाकणाला पैसे कोण घालणार?" बोअर मारताना मात्र नारळ फोडला होता.

याच वृत्तीचा एक फार मोठा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर उभा आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या अणुवीज केंद्रातील पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. देशातल्या त्या पहिल्याच. त्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरातने वाटून घेतली. २०२० मध्ये दोन्ही दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या. दुरुस्तीने आयुष्य वाढते, पण कोणतीही भट्टी अमर नसते. एक दिवस ती कायमची विझवावी लागते.

मग पुढे काय? एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रातला जुना संच मोडीत काढला की लोखंड भंगारात विकता येते. अणुभट्टीचे लोखंड स्वतःच किरणोत्सारी झालेले असते. वापरलेले इंधन बाहेर काढून वर्षानुवर्षे पाण्याच्या कुंडात थंड ठेवावे लागते, टाक्या-नळ्या धुवाव्या लागतात, प्रत्येक तुकडा मोजून सांभाळावा लागतो. हे जमते. तुर्भ्याची १९५६ सालची 'अप्सरा' उतरवून त्याच जागी २०१८ मध्ये 'अप्सरा-यू' सुरू झाली. पण ती लहानशी संशोधन भट्टी होती.

काही तज्ज्ञ म्हणतात, घाई करू नका. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. भट्टीच्या पोलादात तयार होणारे कोबाल्ट-६० सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मे होते. पन्नास वर्षे थांबले तर ते मूळच्या सातशेव्या भागाइतकेच उरते, आणि ते पोलाद कापणाऱ्या कामगाराच्या अंगावर तितके कमी किरण येतात. म्हणजे थांबणे ही त्या कामगाराची काळजीच झाली.

अडचण अशी की थांबणे आणि टाळणे बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हीकडे दाराला कुलूप. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हेतू आणि कृती यांवर आम्ही तासन् तास वाद घातला, पण इथे हेतू तपासायची सोपी खूण आहे. थांबणाऱ्याकडे वही असते. कोणती नळी कुठे जाते, कुठे कधी गळती झाली, उतरवायचे काम कोणी, कधी, कोणत्या पैशातून करायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. टाळणाऱ्याकडे फक्त कुलूप. भट्टी चालवणारी माणसे निवृत्त होतात, आणि लिहून न ठेवलेले त्यांच्याबरोबर जाते.

आपल्याकडे अणुविजेच्या युनिटमागे २ पैसे या कामासाठी घेतले जात आले आहेत. ही चांगलीच गोष्ट. पण २०१२ च्या अहवालात कॅगने दाखवून दिले, की देशातील एकाही अणुवीज केंद्राकडे ते मोडीत काढण्याची योजना नव्हती, आणि असा निधी उभारण्याची तरतूद तेव्हाच्या अणुऊर्जा कायद्यातही नव्हती. पैसे जमत होते, वही नव्हती.

"नातवंडे आपल्याहून हुशार आणि श्रीमंत असतील, ती बघून घेतील," असेही लोक म्हणतात. असतीलही. पण मुलगा पुढे कमावणार म्हणून त्याच्या नावावर न विचारता कर्ज काढणाऱ्या बापाला आपण काय म्हणतो? वीज आम्ही जाळली. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी घरेदारे सोडली. भट्ट्या विझल्यावरही त्या राखायच्या आहेत, आणि त्यांच्या सावलीत राहणार आहेत ती त्या किनाऱ्यावरचीच मुले. पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात पिढ्यांमधल्या न्यायाविषयी लिहिले आहे. न्याय म्हटले की ती मेहेरबानी उरत नाही, देणे होते.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्च काढावा, हा प्रभूचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे. तिथे भीती आहे ती बांधकाम अर्धवट राहण्याची. आमचे उलटेच झाले. बांधून पुरे केले, उतरवायचा खर्च काढायचे राहिले.

आता रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला सहा मोठ्या भट्ट्यांची योजना आहे. तिच्यावरच्या वादात मी जमिनीबद्दल ऐकले, मासळीबद्दल ऐकले, भरपाईबद्दल तर पुष्कळच ऐकले. भट्ट्या उतरवायची वही कोण लिहिणार, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.