घराविषयीं बोलण्याचा अधिकार

कविता आवडली नाहीं तर वाचक पुस्तक मिटतो. चित्र मनास आलें नाहीं तर प्रेक्षक पाठ फिरवितो. गाणें कंटाळवाणें झालें तर उठून जाण्याची मोकळीक कोणत्याहि सभ्य मैफलींत असते. परंतु ज्या घरांत जन्म झाला आणि ज्याच्या छपराखालीं रोज निजावें लागतें, तें घर आवडत नाहीं म्हणून मनुष्यानें कोठें जावें? सर्व कलांमध्यें वास्तुकला हीच एक अशी आहे कीं, ती रसिकाची संमति विचारीत नाहीं. ती त्याच्या डोक्यावर उभी असते आणि प्रसंगीं डोक्यावर पडतेहि. म्हणून या कलेविषयीं जो चारचौघांत बोलतो, त्याच्यावर काव्याच्या किंवा चित्राच्या टीकाकारावर नसलेली एक जबाबदारी येते, असें आम्हांस वाटतें. ही जबाबदारी कोणती, आणि ती टाळून केलेलें सुंदर भाषण नीतीच्या दृष्टीनें निर्दोष म्हणतां येईल काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो एका व्याख्यानाच्या निमित्तानें. एका विद्यापीठानें वास्तुकला व रचनाकला या विषयांवर सार्वजनिक व्याख्यानांची माला योजिली होती. त्या सुमारास पेडगांवचे एक वृद्ध गवंडी आमच्या घराची डागडुजी करीत होते. आम्ही सहज म्हटलें, "मिस्त्री, आज संध्याकाळीं चला आमच्याबरोबर, तुमच्याच धंद्यावर बोलणार आहेत." त्यांनीं हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि ते आले. सभागृहांत ते शेवटच्या रांगेंत बसले. आम्हीं आग्रह केला तरी पुढें आले नाहींत.

व्याख्यान विद्वत्तापूर्ण होतें. धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिराचीं आणि चारठाण्याच्या देवळांचीं चित्रें पडद्यावर उमटलीं. चुना न वापरतां दगडावर दगड बसविणाऱ्या त्या जुन्या कारागिरांची वक्त्यांनीं मनापासून स्तुति केली. मग ते मराठवाड्याच्या माळवदी घराकडे वळले. हें घर या भूमींतून उगवलेलें आहे, त्यांत उन्हाळा थंड आणि हिवाळा उबदार जातो, तें टाकून सिमेंटच्या पेट्यांत राहावयास जाणें हें आपल्या अभिरुचीचें दारिद्र्य होय, असें त्यांनीं सांगितलें. टाळ्या झाल्या, आम्हींहि वाजविल्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हां आमचे मिस्त्री उभे राहिले व म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं ते समदं खरं हाय. मातीचं घर थंडच असतंय. पर किल्लारीला मानसं मेली ती ह्याच घरांत. आता मालकानं मला इचारलं, मिस्त्री काय बांधू, तर म्या काय सांगावं?" सभेंत थोडें हंसूं पिकलें. हा प्रश्न अभियंत्यांचा आहे, आजचा विषय सौंदर्याचा आहे, असें उत्तर मिळालें आणि आभारप्रदर्शन झालें.

वक्त्यांच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस यत्किंचितहि शंका नाहीं. पण तें उत्तर ऐकून आम्ही अस्वस्थ झालों. त्याचें कारण सांगावयाचें तर स्वतःचाच एक दोष सांगणें भाग आहे.

पेडगांव हें परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील लहानसें गांव. भोंवतीं काळी कसदार जमीन आणि मध्यें पांढरीवर वसलेलीं घरें. आमचें वडिलोपार्जित घर याच गांवीं होतें. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचणांची दाटी, तीवर पाला अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असें हें माळवद. दर पावसाळ्यापूर्वीं त्यावर आणखी माती पडे, जुनी कोणी काढीत नसे. अशा रीतीनें पिढ्यानुपिढ्या छपराचें ओझें वाढत जाई. भिंती दोन-दोन हात रुंद. पण ती रुंदी फसवी. आंतल्या व बाहेरच्या तोंडास दगड रचावयाचे आणि मध्यें गोटे व चिखल भरावयाचा. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे.

१९९३ सालीं अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या पहांटे, ३० सप्टेंबर रोजीं, लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपति बोळवून लोक नुकतेच निजले होते. पहांटेच्या चार वाजण्याच्या सुमारास त्या रुंद भिंतींचीं दोन्हीं तोंडें फांकलीं आणि वरची माती खालीं आली. हजारों माणसें स्वतःच्या घरांखालींच गाडलीं गेलीं. परभणीकडे तेवढा विध्वंस झाला नाहीं. पण त्या दिवसापासून मराठवाड्यांत माळवदाखालीं कोणी निर्धास्त निजलें नसेल.

पुढें कांहीं वर्षांनीं, वडिलांच्या मागें, आम्हीं आपलें घर पाडविलें. पाडावयास हेच मिस्त्री होते. ते म्हणाले होते, "सर, भिंती उतरवा, माती उतरवा, पर लाकूड ठिवा. सांगाडा लई चांगला हाय." आम्ही नुकतेच प्राध्यापक झालों होतों, गवंड्याचा सल्ला ऐकावा असें आमच्या पदवींत कोठें लिहिलें नव्हतें. सागाचें लाकूड विकलें, स्लॅबचें घर बांधलें. आईला विचारलें नाहीं. तिच्या सुरक्षिततेसाठींच तर हें सारें चाललें होतें, मग विचारावयाचें काय? ती पुढें सात उन्हाळे त्या घरांत राहिली. वैशाखांत दुपारभर तापलेला तो स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आंच देई, म्हणून ती बाज उचलून अंगणांत निंबाखालीं निजे. तिनें तक्रार केली नाहीं. "घर चांगलं बांधलंस, पण रात्री आत राहवत नाही रे," एवढेंच एकदां बोलली.

येथें वाचक म्हणतील कीं, जीव वांचणें थंडाव्याहून मोठें, मग खेद कशाचा? खरें आहे. परंतु निवड जीव आणि थंडावा या दोहोंमध्यें नव्हतीच, हें आम्हांस फार उशिरां कळलें. किल्लारीनंतर पाहणी करणाऱ्यांनीं नोंदविलें होतें कीं, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जेथें धड होता तेथें भिंती ढांसळूनहि छप्पर कित्येकदां तोलून राहिलें. माती उतरवून थर पातळ करावा, खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे धीरे द्यावेत, भिंतींत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवावेत, हे उपाय तेव्हांच सुचविले गेले होते. मिस्त्री जें अनुभवानें सांगत होते तेंच पुस्तकांत इंग्रजींत छापलेलें होतें. आम्हांस इंग्रजी येत होतें, पण आम्हीं तें वाचलें नाहीं. मिस्त्रींना तें वाचतां येत नव्हतें, पण ठाऊक होतें. या दोघांच्या मधल्या दरींत आमच्या आईचे सात उन्हाळे गेले. किल्लारीस याच दरींत हजारों जीव गेले, हें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल काय?

ज्ञान नव्हतें असें नाहीं. भूकंपांत टिकणाऱ्या बांधणीचें भारतीय मानक १९६२ सालींच प्रथम प्रसिद्ध झालें होतें. १९६७ सालीं कोयनेचा धडाहि मिळाला होता. मात्र तज्ज्ञांच्या नकाशांत किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत दाखविला होता; तो विभागच पुढें २००२ सालच्या सुधारणेंत रद्द झाला. तेव्हां शास्त्र चुकत नाहीं असा ताठा शास्त्रज्ञानें धरूं नये, आणि शास्त्रावांचून अडत नाहीं असा ताठा परंपरेच्या पूजकानेंहि धरूं नये. परंपरेनेंच दर वर्षीं छपरावर माती वाढविली होती.

घराविषयीं जाहीरपणें बोलण्याची परंपरा विलायतेंतहि जुनी आहे. रस्किननें १८५३ सालीं एडिंबरा येथें वास्तुकला व चित्रकला यांवर दिलेलीं व्याख्यानें प्रसिद्धच आहेत. पण आम्हांस अधिक मोलाची वाटते ती १८७४ सालची गोष्ट. ऑक्सफर्डला प्राध्यापक असतां त्यानें आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं कुदळी-फावडीं दिलीं आणि जवळच्या हिंक्सी गांवचा रस्ता बांधावयास नेलें. रस्ता चांगला झाला नाहीं, लोक हंसले. तरीहि, जो हात माती उचलीत नाहीं त्यानें मातीच्या सौंदर्यावर बोलतांना जपून बोलावें, एवढें तरी त्या मुलांस कळलें असेल.

आपल्याकडचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश गृहस्थ त्याचे पहिले प्राध्यापक झाले. पुढें त्या आसनावर आलेले डॉ. घुर्ये हे त्यांचेच शिष्य. गेडीस यांचा आग्रह असा कीं, शहर म्हणजे रोगी; आधीं निदान, मग उपचार; आणि उपचारहि शक्य तितकी कमी कापाकापी करून. मुंबईस येण्यापूर्वीं त्यांनीं होळकरांच्या इंदूर शहराची पाहणी केली व १९१८ सालीं आपला अहवाल दिला. प्लेगाच्या भीतीनें ग्रासलेल्या त्या शहरांत त्यांनीं व्याख्यानावर भर न देतां दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढविली, आणि जाहीर केलें कीं, ज्या आळींतील घरें व रस्ते अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील तेथून ती जाईल. मिरवणुकींत प्लेगाच्या उंदराची मोठी प्रतिमा होती. लोकांनीं मिरवणुकीच्या मानासाठीं आपापल्या गल्ल्या झाडून लखलखीत केल्या. आरोग्यशास्त्राचें एक प्रकरण लोकांच्याच भाषेंत, लोकांच्याच सणांत सांगितलें गेलें. सार्वजनिक व्याख्यान याहून वेगळें काय असावें?

कोणी म्हणेल, "गुरुत्वाकर्षण बहुमत विचारीत नाहीं. गांवकऱ्यांस विचारलें तर ते स्लॅबच मागतील, कारण स्लॅबांत प्रतिष्ठा आहे. मग त्यांचें ऐकून काय साधणार?" या आक्षेपांत तथ्य आहे. ऐकणें म्हणजे मान डोलावणें नव्हे. लोक चुकत असतील तर तसें स्पष्ट सांगणें हें तज्ज्ञाचें कर्तव्यच आहे. परंतु वैद्यहि रोग्याची नाडी पाहिल्यावांचून कडू औषध देत नाहीं. किल्लारीनंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घरें पक्कीं झालीं. पण अरुंद आळ्यांतून समोरासमोर ओसरीवर बसणारीं माणसें सरळ रुंद रस्त्यांच्या चौकटींत आलीं. उलट ज्या गांवांत मालकांनीं स्वतःच घरें दुरुस्त करावयाचीं होतीं, तेथें महिला मंडळांतील स्त्रियांस संवाद-सहायक म्हणून नेमण्यांत आलें. पदर खोंचून भिंतीचा पाया पाहणाऱ्या त्या बायांनीं तज्ज्ञाचें बोलणें घरांत नेलें व घरांतलें बोलणें तज्ज्ञाकडे आणलें. ज्ञान येथें पातळ झालें नाहीं. तें फक्त दोन्ही बाजूंनीं वाहूं लागलें.

आमच्या परभणींतच १९७२ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तेथील बियाण्याचा तज्ज्ञ शेताच्या बांधावर जातो, शेतकरी मेळाव्यांत प्रश्न विचारतो, आणि त्यांत कोणालाहि नवल वाटत नाहीं. किंबहुना तो गेला नाहीं तरच लोक बोट ठेवतील. जोंधळ्याच्या कणसाविषयीं जें कर्तव्य आपण मान्य करतों, तें माणसाच्या डोक्यावरील छपराविषयीं कां करूं नये? आमच्या मतें घराविषयीं बोलण्याचा अधिकार पदवीनें मिळत नाहीं, आणि नुसत्या राबण्यानेंहि नाहीं. आपलें म्हणणें चुकलें तर तें कोणाच्या डोक्यावर पडेल हें ज्यानें ओळखलें आणि त्या माणसाच्या प्रश्नास जो आपल्या विषयाबाहेरचा मानीत नाहीं, त्यासच तो अधिकार पोंचतो. या कसोटीस आमची स्वतःची वागणूकहि उतरत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे.

व्याख्यानानंतर कांहीं दिवसांनीं आम्ही दगडी घरांच्या बळकटीचें तें मार्गदर्शक पुस्तक मिळवून मिस्त्रींकडे गेलों. पेडगांवांत एका घराचें काम चालू होतें. दुपारच्या भाकरीनंतर आम्ही एकेक कलम मराठींत सांगत गेलों. आरपार दगडाचें कलम आलें तेव्हां ते म्हणाले, "एवढा लांब दगड आता खाणींतून येत न्हाई सर. लिहिणाऱ्यानं खाण बघितली न्हाई." आम्हीं पुढें वाचलें: तसा दगड न मिळाल्यास भिंतींत भोंक ठेवून, त्यांत वांकविलेली लोखंडी कांब घालून तें काँक्रीटनें भरावें. मिस्त्री बराच वेळ गप्प राहिले. बोटानें मातींत त्यांनीं भिंतीची आडवी आकृति काढली, तींत एक रेघ आरपार ओढली, आणि म्हणाले, "हे बघितलंच हाय की मग त्यानं. हे एवढंच माझ्या बापाला कोनी सांगितलं असतं तर."

दुसऱ्या दिवसापासून त्या घराच्या भिंतींत कांबी पडूं लागल्या. आमचें घर मात्र पाडून झालें आहे, आणि त्याचें लाकूड कोणाच्या घरीं गेलें हें आम्हांस ठाऊक नाहीं.