रिकामी पिशवी आणि तेरावा अध्याय

देह म्हणजे वस्त्र, जुनं टाकायचं, नवं ल्यायचं, हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दाखला. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत त्यात मला काही खटकलं नव्हतं. आता खटकतं.

ऑपरेशन वैशाखातच उरकून घेतलं, कारण आमच्या औंढ्यात पाऊस लागला की भाताची आवणी, आणि आवणी म्हणजे दिवसभर कमरेत वाकून चिखलात. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, काही दिवस वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही. मी विचारलं, "बाई, एवढंसं भिंग आत ठेवलंय, ते हलणार नाही का? टाका घातलाय का त्याला?" त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा डोळा उघडून दाखवला. टाका नाही, डिंक नाही, काही नाही. आपलं गढुळलेलं भिंग फोडून शोषून घेतात, पण ते ज्या पातळ पिशवीत असतं ती पिशवी राखतात. तिचा मागचा पदर केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. त्या रिकाम्या पिशवीत सहा मिलिमीटरचं भिंग घडी करून सरकवतात. आत गेल्यावर ते उलगडतं आणि त्याच्या दोन मिशा पिशवीच्या कडेला टेकतात. पण मिशांचं धरणं सुरुवातीपुरतं. पुढच्या काही आठवड्यांत पिशवी आक्रसते, तिचे पदर एकमेकांना आणि भिंगाला चिकटतात. बसवलं डॉक्टरबाईंनी, पण कायमचं धरलं ते माझ्या देहानं.

माझ्या नणंदेला सिलिंडरचा नंबर होता, म्हणजे दिशेदिशेला वेगळा, त्यामुळे तिच्या भिंगाला दिशा आहे. ते एक अंश फिरलं तरी सुमारे तीन टक्के गुण जातो, आणि तीस अंश फिरलं तर घातलं न घातलं सारखंच. फिरायचं तर बहुतेक पहिल्या दिवसातच फिरतं, पिशवीनं धरण्याआधी.

माझ्या आजेसासूच्या वेळी नुसतं भिंग काढून टाकायचे. मग जन्मभर जाड काचांचा चष्मा, आणि त्यातून ताटातली भाकरी खऱ्याहून मोठी दिसायची. डोळ्यात प्लॅस्टिकचं भिंग बसवण्याचा पहिला प्रयत्न लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी केला. युद्धात विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात रुतून राहिले तरी डोळा चिडत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. पण त्यांची सुरुवातीची भिंगं जड, त्यातली काही जागा सोडून खाली सरकली. देह परकं सोसतो, एवढं तेव्हा कळलं. ते नीट धरून कसं ठेवायचं, हे हाती यायला आणखी तीसेक वर्षं गेली.

लुगडं अंगावर असतं, अंग काही त्याला चिकटून वाढत नाही. म्हणून मला आता तेरावा अध्याय जवळचा वाटतो. तिथे देह म्हणजे क्षेत्र, म्हणजे शेत, आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वरीच्या पारायणात हा अध्याय दरवर्षी कानावरून जायचा. आता शेतातलंच बघा, इंद्रायणी भाताचं रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावलं की आधी मान टाकतं, मग जीव धरतं. लावते मी, पण त्याला धरून ठेवणं माझ्या हातातलं नाही, ते जमिनीचं काम.

आमचे बुवा म्हणाले, "माई, वस्त्र काय नि क्षेत्र काय, दोन्ही आपण नव्हे. बघणारा वेगळाच." मान्य. पण माणूस फाटक्या वस्त्राशी आणि शेताशी सारखा वागतो का? वस्त्र फेकून देता येतं. शेताचा बांध फुटला तर भर पावसात इरलं घेऊन जावं लागतं. आमच्याकडच्या किती बाया दिसेनासं झालं तरी "देह आहे, चालायचंच" म्हणत वर्षं काढतात, तांदळातले खडे बोटांनी चाचपतात. लोक त्याला वैराग्य म्हणतात, मी म्हणणार नाही. ज्यानं शेत राखायला दिलं, त्याच्याशी ती हयगय आहे.

माझ्या म्हणण्यालाही एक अडचण आहे, तीही सांगते. पिशवीत उरलेल्या ज्या पेशींमुळे ती आक्रसते नि भिंग धरते, त्याच पुढे काहींच्या मागच्या पदरावर जाळी आणतात. मग लेझरनं तिथे खिडकी पाडावी लागते. शिवाय ती पिशवीच मुळी बारीक तंतूंवर टांगलेली. वयानं, मार लागून किंवा एखाद्या आजारानं ते तंतू बऱ्याच वर्षांनी सैल होऊ शकतात. तसं झालं तर पुष्कळदा भिंग पिशवीतून निसटत नाही, पिशवीसकट खाली उतरतं. बाहेरचं आणि जन्माचं, दोन्ही एकत्र.

तेव्हा त्यात माझं किती आणि आणलेलं किती, हे मी बुवांना विचारलं. देह जर शेत, तर जे भिंग शेतानंच आपलं मानलं ते शेतात धरायचं की पेरणाऱ्याच्या खात्यात? बुवा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेरावा पुन्हा वाचतो. येत्या एकादशीला बोलू." डावा डोळा दिवाळीनंतर, भात झोडून झालं की करायचा आहे. तारीख घेऊन ठेवली आहे.